कॅमेरा नंतर घे, आधी साडेचार सेंटीमीटरपर्यंत वाक

देवासच्या एका कॉलेजकुमाराने विचारलंय: "काका, १:३५ मापात असल उत्तरचा डायोरामा केलाय. चिखलात रुतलेला पॅटन, मागे उसाचं शेत, कडेला आरसीएल बसवलेली आपली जीप. प्रत्यक्ष बघणारे वाहवा करतात, पण फोटो काढला की खेळणं दिसतं. पन्नास हजारांपर्यंत कुठला कॅमेरा घेऊ?" सोबत सहा फोटो आहेत. (नवख्यांसाठी: डायोरामा म्हणजे छोट्या मापात उभं केलेलं दृश्य, आणि १:३५ म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. असल उत्तर ही १९६५ च्या युद्धातली, पंजाबात खेमकरणजवळ झालेली लढाई. पॅटन हा त्यात समोरून आलेला पाकिस्तानचा रणगाडा, आणि आरसीएल ही जीपवर बसवलेली, धक्का न देणारी आपली तोफ.)

कुठलाच घेऊ नकोस. सहाही फोटो मी मोठे करून पाहिले. रंगकाम चांगलं आहे. पॅटनच्या मडगार्डवर सुकलेला चिखल तर माझ्यापेक्षा बरा जमलाय तुला. घोळ आहे तो तू कुठे उभा राहिलास त्यात. सगळे फोटो टेबलाशी उभं राहून, खाली बघत काढलेले आहेत. फोन बेसच्या साधारण चाळीस सेंटीमीटर वर असावा. त्याला ३५ ने गुण: १४ मीटर. म्हणजे खेमकरणच्या शेतात कुणीतरी चार मजली इमारतीच्या गच्चीवरून फोटो काढतोय! बघणारा हा हिशोब मनात करत नाही, पण फसतही नाही. खरा रणगाडा आपण जमिनीवरून मान वर करून बघतो, खेळणं मात्र लहानपणापासून वरून बघत आलोय.

जमिनीवर उभ्या माणसाचे डोळे १ मीटर ६० सेंटीमीटरवर धर. भागिले ३५ केलं की साडेचार सेंटीमीटर येतात. लेन्सचा मध्य बेसवरच्या मातीपासून एवढाच वर हवा. फोन उभा धरला तर लेन्स पार वरच्या टोकाला जाते आणि कितीही वाकलास तरी ती खाली येत नाही. म्हणून फोन उलटा धर, डोकं खाली. आडवा धरायचा असेल तर लेन्सचा कोपरा खालच्या बाजूला ठेव. चित्र उलटं येत असेल तर नंतर फिरवता येतं. हा एवढा एक फोटो आज रात्रीच काढून बघ, बाकीचं उत्तर उद्या वाचलंस तरी चालेल.

तो फोटो काढताना दोन गोष्टी आडव्या येतील. पहिली, बेसची सागवानी चौकट. तू ती मातीच्या वर अर्धा सेंटीमीटर ठेवली आहेस, आणि साडेचार सेंटीमीटरवरून ती बांधाच्या भिंतीसारखी समोर येते. पुढची पट्टी मातीच्या पातळीच्या खाली हवी होती. दुसरी, मागची फुलाफुलांची चादर. आता ती लपणार नाही, कारण खाली वाकलास की मागचं सगळं उभं राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो कुठून काढायचा ते माती कालवण्याआधी ठरवायचं. आपल्या इंदूरला अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) निघतात, त्या आठव. रस्त्याच्या दोन्ही कडेची गर्दी बघते, गच्चीवरची बायकापोरं बघतात, त्यामुळे झांकी सगळ्या बाजूंनी सजवावी लागते. प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायचा डायोरामा ही झांकीच. फोटोसाठीचा डायोरामा नाटकाच्या सेटसारखा. पुढून वाडा, मागून बांबू आणि गोणपाट. दोन्ही एकातच साधायला गेलास की कष्ट दुप्पट होतात आणि फोटो अर्धाच निघतो. मी कितीतरी वर्षं हेच करत होतो.

उसाचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण तुझं सगळ्यात कच्चं काम तेच आहे. (नारळाच्या झाडूचे हिर हिरवे रंगवून टोचले आहेत ना? ओळखू येतात.)

सप्टेंबरातला ऊस अडीच-तीन मीटर उंच असतो. ३५ ने भागून सात ते साडेआठ सेंटीमीटर. पॅटनची उंची ३ मीटरच्या थोडी वर, मापात जवळजवळ नऊ सेंटीमीटर. म्हणजे ऊस रणगाड्याच्या बुरुजापर्यंत यायला हवा. तुझा ऊस चाकांच्या जरा वर संपतो, त्यामुळे तो ज्वारीचा कडबा वाटतो आणि रणगाडा राक्षसासारखा मोठा. त्या लढाईत उसानेच तर काम केलं होतं. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत आपल्या ४ माउंटन डिव्हिजनने असल उत्तरभोवती घोड्याच्या नालासारखी मांडणी केली होती, शेतांत पाणी सोडलं होतं. उसात दबा धरलेल्या तोफा दिसत नव्हत्या आणि पॅटन पाण्याने भिजलेल्या जमिनीत रुतत होते. ऊस बुटका केलास तर लढाईचा अर्धा अर्थच गेला.

खोड अडीच-तीन सेंटीमीटर जाड, म्हणजे मापात पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्यासाठी मोटर बांधणाऱ्याकडून २२ गेजची तांब्याची तार आण, ती ०.७१ मिलिमीटरची असते. जुनी जळकी मोटर खोलली की तो किलोवर देतो. तार ताणून सरळ करायची, वरचा वार्निशचा थर घासायचा, प्रायमर मारायचा. पेरं दर तीन-चार मिलिमीटरवर. टोकदार ब्रशने फिकट रेघ ओढली तरी पुरते. पानं पतंगी कागदाची. संक्रांतीच्या सुमारास इंदूरच्या रानीपुऱ्यात हा कागद ढिगाने मिळतो. कागदाला पाणी घातलेलं फेविकॉल दोन्ही बाजूंनी लावून वाळव, मग रंगव, मग स्टीलच्या पट्टीने दीड मिलिमीटर रुंद आणि तीन-चार सेंटीमीटर लांब पट्ट्या काप. प्रत्येक पट्टी नखाने मधोमध दुमडायची, म्हणजे पानाची शीर उठते आणि पान आपोआप कमानीसारखं वाकतं. वरती हिरवे वाढे, खाली वाळकं पाचट लोंबणारं. पाचट विसरू नकोस. खालून वरपर्यंत एकसारखा हिरवा ऊस फक्त कॅलेंडरवर असतो.

आता हिशोब. उभ्या पिकात एका चौरस मीटरला दहाएक ऊस असतात. तुझं शेत २० गुणिले १० सेंटीमीटरचं, म्हणजे खऱ्यातलं साधारण साडेचोवीस चौरस मीटर. अडीचशे ऊस! प्रत्येकाला सात-आठ पानं धरली तर कातरकामातच दिवाळी येईल. पण कॅमेरा साडेचार सेंटीमीटरवर, पुढून डावीकडे, हे आधीच ठरलेलं असेल तर पुढच्या दोन-तीन ओळीच पुऱ्या दिसतात. त्यांच्या मागे नुसते शेंडे पुरतात, आणि त्यांच्या मागे तर हिरवट-करडा रंगवलेला पुठ्ठासुद्धा चालतो. माझं काम साठ-सत्तर उसांत भागलं. कॅमेऱ्याची जागा आधी ठरवण्याचा फायदा असा थेट बोटांना कळतो.

जमिनीचं माझ्याकडूनच शिकून घे, म्हणजे माझी फजिती वाया जायची नाही. पहिला खेमकरण केला तेव्हा मी महूच्या रस्त्यावरच्या एका शेतातून पिशवीभर माती आणली, चहाच्या गाळणीने चाळली, फेविकॉलमध्ये कालवून थापली. वाटलं, खरी माती म्हणजे खरी जमीन. दोन चुका झाल्या. एक तर आपल्या माळव्याची माती काळी आणि तिकडची नद्यांनी आणून टाकलेली गाळाची, फिकट करडी-तपकिरी. पंजाब ओळखणाऱ्या माणसाने पहिल्या नजरेत विचारलं, हा रणगाडा इंदूरजवळच्या सांवेरला कधी आला? दुसरी चूक रात्रीतून कळली. काळी माती वाळताना आकसते आणि भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळी बेसवर दोन-दोन मिलिमीटरच्या भेगा होत्या. मापात त्या सात सेंटीमीटरच्या, आणि त्याही पाण्याने भरलेल्या शेतात!

तेव्हापासून मी गणपतीची शाडू वापरतो. भाद्रपदात रामबागेच्या आसपास कुणीही देईल. रंगाने ती पंजाबच्या गाळाला जवळ जाते, चिमूटभर गेरू घातला की आणखी जवळ. शाडूही आकसते, म्हणून दोन भाग शाडूला एक भाग भिजवून वाटलेला कागदाचा लगदा आणि सैल होईल इतकं फेविकॉल. थर पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको. उंची हवी तिथे खाली थर्माकोल भर. फक्त थर्माकोल उघडा ठेवून त्यावर स्प्रे मारू नकोस, त्यातलं द्रावक ते खाऊन टाकतं.

आणि रणगाडा मातीवर ठेवू नकोस, मातीत बसव. चाळीस टनांहून जड धूड ओल्या शेतात वरवर उभं राहत नाही. त्याने वीतभर तरी खोल चाकोरी पाडली पाहिजे, म्हणजे मापात सहा-सात मिलिमीटर. माती ओली असताना साखळ्यांना खोबरेल तेल लावून पॅटन दाब, पुढे-मागे जरा ढकल आणि उचलून घे. साखळीचे ठसे आणि दोन्ही कडांना वर आलेला चिखल फुकटात मिळतो. वाळल्यावर त्याच खाचेत परत चिकटव. तुझ्या पहिल्या फोटोत साखळीखालून पलीकडचा उजेड दिसतोय. रणगाडा खेळण्यासारखा दिसायला तेवढी फट पुरते, बाकी कितीही वेदरिंग (मळ, गंज, झीज दाखवणारं रंगकाम) कर.

शेतातल्या पाण्यासाठी रेझिन वापरलं आहेस ते ठीक. दोन मिलिमीटरचे थर देत गेलास तेही बरोबर. पण रेझिन कडेला, चाकाला आणि प्रत्येक उसाच्या बुडाशी मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर चढलंय. पाण्याचा आणि रेझिनचा हा स्वभाव आहे, तो मापात लहान होत नाही. जवळच्या फोटोत ती पाच सेंटीमीटर उंच चकचकीत बांगडी दिसते. त्या कडेवर मॅट वार्निश आणि त्यावर शाडूची कोरडी पूड लाव. पाणी स्वच्छही ठेवू नकोस. रेझिनमध्ये थेंबभर फिकट तपकिरी रंग मिसळायला हवा होता. आता वरून त्याच रंगाचा पातळ, पारदर्शक थर (ग्लेझ) दे.

गाड्यांबद्दल थोडं. तुझा पॅटन एम-४८ए३ आहे, मडगार्डांवरच्या मोठ्या एअर क्लीनर पेट्यांवरून कळतं. तो डिझेलचा. खेमकरणला समोर आले ते एम-४७ आणि पेट्रोलवर चालणारे आधीचे एम-४८. आता नवं किट आणू नकोस. त्या पेट्यांवर तुटलेले वाढे आणि ताडपत्री टाक. पुढून काढलेल्या फोटोत कुणाला कळणार नाही. पण जमलं तर एकदा अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा संग्रहालयात जाऊन ये. पॅटनशेजारी नुसता उभा राहा. मडगार्ड तुझ्या छातीला कुठे लागतो, चाक मांडीच्या कुठवर येतं, हे अंगाला कळलं की घरी येऊन मापपट्टी कमी काढावी लागते.

जीपची चूक मात्र झाकून भागणार नाही. तिसऱ्या फोटोत एक जवान तोफेच्या बरोबर मागे गोळा घेऊन उभा आहे आणि तोफेच्या तोंडाशी तू कापसाचा धूर लावलास, म्हणजे ती डागली जातेय. आरसीएलला धक्का बसत नाही तो याचमुळे, की दारूचा बराचसा वायू मागून बाहेर फेकला जातो. मागे कित्येक मीटरपर्यंत कुणी उभं राहू शकत नाही. तुझा तो जवान जिवंत राहणार नाही. गोळे देणाऱ्याला बाजूला घे, मागचा ऊस आडवा पाड, पानं भाजल्यासारखी कर. (जाता जाता: १०६ मिलिमीटर म्हणतात त्या एम-४० तोफेचा व्यास खरं तर १०५ आहे. आधीच्या १०५ च्या तोफेशी गोळ्यांची गफलत होऊ नये म्हणून नाव १०६ ठेवलं.) आणि तो कापूस काढ. कापसाचा धूर मी आजवर एकाही फोटोत धुरासारखा पाहिलेला नाही.

जीपवर ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद दाखवलेत हे तू लिहिलं नाहीस, पण कळतं. १० सप्टेंबरला त्यांच्या जीपवर गोळा पडला आणि ते गेले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो क्षण न करता त्याच्या आधीचा केलास, हे मला आवडलं. तिथे आणखी काही नाट्य घालू नकोस. नळीवर बसवलेल्या नेमबंदुकीच्या (तोफ डागण्याआधी नेम तपासायची छोटी बंदूक) मागे वाकलेला एक माणूस, एवढंच पुरे आहे.

आता उजेड. तू खोलीतली ट्यूब लावून फोटो काढलेस. चार फुटांच्या ट्यूबला ३५ ने गुण, त्या जवानाच्या डोक्यावर बेचाळीस मीटर लांबीची ट्यूब आहे! सावली पसरट आणि मऊ पडणारच. खरा सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार असते. एक सेंटीमीटरचा दिवा एक मीटरवर धरला तर तोही साधारण अर्ध्या अंशाचाच होतो. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या फोनचा टॉर्च अर्धा ते एक मीटर लांब धर, ट्यूब बंद कर, सूर्य तयार. उजेड कमी पडेल, म्हणून फोन विटेला टेकवून ठेव आणि टायमर लाव. सावल्या अगदी काळ्या येत असतील तर वर पांढऱ्या थर्माकोलची शीट आडवी धर. ते आपलं आभाळ.

याहून सोपं म्हणजे खराच सूर्य. थंडीतल्या सकाळी आठ-साडेआठला डायोरामा गच्चीच्या कठड्यावर ठेव, ऊन बाजूने तिरकं येऊ दे, मागे खरं आभाळ. माझे चांगले म्हणावेत असे बहुतेक फोटो असेच आलेत, आणि बहुतेक खराब झालेले फोटोही, कारण मागे शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी आली. ती उसाच्या मागे दडते का ते आधी बघ.

छापील पडदा लावणार असशील तर फ्लेक्सचा नको, तो चमकतो. मॅट कागदावर छाप आणि दोन-तीन फूट मागे ठेव. एक नियम मात्र कधी मोडू नकोस: सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला असतं. लेन्स साडेचार सेंटीमीटरवर, तर पडद्यावरची क्षितिजरेषाही बेसच्या मातीपासून साडेचार सेंटीमीटरवर. मग उभ्या प्रत्येक जवानाचे डोळे त्या रेषेवर येतात, जवळचा असो की लांबचा. ते जुळलं की फोटो एकदम उघडतो. न जुळल्यास काय चुकलंय ते कुणाला सांगता येत नाही, पण खोटं वाटतं सगळ्यांना.

शेवटी फोकस, आणि तिथेच तुझा कॅमेऱ्याचा प्रश्न येतो. अर्धा मीटर अंतर मापात साडेसतरा मीटर होतं. तेवढ्यावरून खऱ्या रणगाड्याचा फोटो काढला तर नळीच्या टोकापासून मागच्या उसापर्यंत सगळं स्पष्ट येईल. मॉडेलच्या फोटोत पुढचं-मागचं धूसर झालं की डोळा लगेच ओळखतो, वस्तू लहान आहे. मोठा कॅमेरा घेतलास, ५० मिलिमीटरची लेन्स आणि एफ ११ (म्हणजे उजेड आत सोडणारी लेन्सची झडप बारीक) ठेवलंस, तर अर्ध्या मीटरवर जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटर खोली स्पष्ट मिळेल. तुझा बेस पंचवीस सेंटीमीटर खोल आहे. झडप आणखी बारीक केलीस तर विवर्तनाने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच थोडं मऊ होतं. बारीक झडपेतून जेवढी खोली मिळते जवळपास तेवढी फोनचा लहान सेन्सर तुला आपणहून देतो. उरलेल्यासाठी फोकस स्टॅकिंग: फोन न हलवता प्रो मोडमध्ये फोकस जवळून लांब सरकवत आठ-दहा फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर जोडायचे. हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर अशी सॉफ्टवेअर त्यासाठीच आहेत. काढताना पंखा बंद कर. पतंगी कागदाची पानं वाऱ्याने एक मिलिमीटर जरी हलली तरी जोडलेल्या फोटोत उसाला दोन-दोन शेंडे फुटतात.

जवळ जाण्याचा मोह टाळ. पंधरा सेंटीमीटरवरून मुख्य लेन्सने काढलंस की पॅटनची नळी तोंडावर येते आणि मागचा भाग पळतो. मागे सर आणि फोनची दुपटीची (2x) लेन्स वापर. पोर्ट्रेट मोड तर चुकूनही नको, तो मुद्दाम धूसर करतो. फोटो झाल्यावर एकदा कृष्णधवल करून बघ. रंग निघून गेले की उजेड कुठे चुकलाय ते उघडं पडतं.

पन्नास हजारांतले हजारभर काढून एक छोटा ट्रायपॉड घे, फोन उलटा धरता येईल असा. बाकीच्यातून काचेची पेटी करून घे, आणि पाऊस लागायच्या आधी घे. कागदाची पानं पिठाच्या खळीने चिकटवणार असशील तर खळीत चिमूटभर मोरचूद घाल, जुने जिल्दवाले घालायचे तशी. मी घातली नव्हती. माझ्या पहिल्या शेतातले वाढे दोन पावसाळ्यांत कसरीने खाऊन टाकले. खोडं तांब्याची, ती अजून उभी आहेत.